तोंड द्या

बाईंचा पुढचा दात गेला तो एका अक्षरापायी.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुलांना बोलायला शिकवायचं, हे बाईंचं काम. ही मुलं डोळ्यांनी ऐकतात. समोरच्याचे ओठ कसे मिटतात, जीभ कुठे टेकते, गाल कधी फुगतात, यावरून शब्द ओळखतात. म्हणजे बाईंचं तोंड हाच त्यांचा फळा. एका मुलीला काही केल्या 'क' म्हणता येत नव्हता. बाई तिच्यापुढे गुडघे टेकून बसायच्या, तिचा हात आपल्या गळ्याला लावायच्या आणि 'क, क' करत राहायच्या. एके दिवशी तो 'क' तिच्या गळ्यातून खणखणीत बाहेर पडला. आपल्याला जमलं हे बाईंच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, आणि आनंदाने तिने अशी उडी मारली की तिचं डोकं खालून थेट बाईंच्या वरच्या दातावर आदळलं. दात मुळाशीच मोडला. बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढे दातांच्या डॉक्टरांनी हाडात बारीकसा स्क्रू बसवला आणि त्यावर नवा दात चढवला. दात असा बेमालूम जमला की बाईंनाच काही दिवसांनी कुठला आपला आणि कुठला डॉक्टरांचा याचा विसर पडला. बाईंचा नवरा शहरात बस चालवायचा. तो म्हणाला, "मला तेवढा खोटा दात कुठला ते सांगून ठेव. भांडताना त्या बाजूने बोललेलं मी मनावर घेणार नाही."

डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा दात किडायचा नाही. पण हिरडी तुमचीच आहे, ती रुसू शकते. दर सहा महिन्यांनी दाखवून जा." बाई एकदा गेल्या. पुढच्या खेपेला शाळेचं संमेलन आलं, त्यानंतर परीक्षा, त्यानंतर नवऱ्याचं पाठदुखीचं आजारपण. राहून गेलं ते गेलंच.

मग एका सकाळी ब्रशला रक्त लागलं. दुसऱ्या दिवशीही लागलं. दुखऱ्या जागेला हात लावू नये, असा सरळ विचार करून बाईंनी तेवढी जागा सोडून ब्रश करायला सुरुवात केली. रक्त दिसेनासं झालं. बाईंना वाटलं, गेलं दुखणं.

दुखणं कुठेही गेलं नव्हतं. एकदा केस विंचरताना त्या स्वतःशीच कशाला तरी हसल्या आणि आरशात पाहतात तो तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतोय. हिरडी वर सरकली होती. ती जिथे संपत होती तिथे गुलाबी रंगाखालून एक करडी छटा डोकावत होती, पाटीवरची पेन्सिल बोटाने पुसल्यावर उरते तशी.

तेव्हापासून बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. जीभ उठल्यासुटल्या तिथेच जाऊन चाचपायची. चमच्याच्या पाठीत, दुकानाच्या काचेत, मोबाईलच्या काळ्या पडद्यात, जिथे म्हणून चेहरा उमटेल तिथे त्या वरचा ओठ उचलून बघायच्या. कालच्यापेक्षा वाढलंय का? उजेड बदलला की उत्तर बदलायचं. खिडकीशी बरं वाटायचं, न्हाणीघरातल्या दिव्याखाली धस्स व्हायचं. आणि बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप तोंडाशी जायला लागला.

"अगं, बोलतेस की गुपित सांगतेस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. सवय."

"सवय लागायला आधी काहीतरी व्हावं लागतं. डॉक्टरांकडे जा ना एकदा."

"जाईन म्हटलं ना!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की नवऱ्याने पुढचा घास तसाच हातात धरला.

त्या जाणार नव्हत्या. डॉक्टर म्हणतील, काढावा लागेल. मग महिनोन् महिने तोंडात खिंडार घेऊन वर्गासमोर उभं राहायचं? 'त' आणि 'द' आणि 'न' कुणाच्या जिवावर शिकवायचे? शिवाय डॉक्टर विचारणारच, इतके दिवस कुठे होतात? चोराच्या मनात चांदणं, तशी बाईंची गत होती. त्या दवाखान्याचा रस्ताच त्यांनी टाकला. भाजी आणायलासुद्धा लांबच्या गल्लीने जायच्या.

शाळेत मुलांनी एकमेकांना हातांनी करायची नावं ठेवली होती. कुणाच्या गालाला खळी, तर गालावर बोट रुतवलं की त्याचं नाव झालं. वर्गात एक मुलगी होती, तिला काही पटलं नाही की तिची डावी भुवई टाचणीने टोचल्यासारखी वर जायची. सगळे तिला भुवईवर बोट ओढून हाक मारायचे, आणि बाईही तिला भुवईच म्हणायच्या. बाईंचं नाव होतं ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन बोटं लावून ती कानांकडे नेणं. हसणाऱ्या बाई.

एका दुपारी बाई जिन्यावरून उतरत होत्या. खाली दोन मुलं हातांनी बोलत होती. एकाने विचारलं, पुढचा तास कुणाचा? दुसऱ्याने पंजा तोंडावर आडवा ठेवला. पहिल्याने मान हलवली.

बाई जिन्यातच थबकल्या. तो पंजा म्हणजे आपण, हे कळायला क्षणभर वेळ लागला. कुणी त्यांची टिंगल करत नव्हतं. मुलांनी नुसतं जे दिसलं त्याला नाव दिलं होतं, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या दिवशी त्यांनी हात मुद्दाम पाठीमागे बांधून तास घेतला. तास संपता संपता हात पुन्हा तोंडावर होता.

त्यानंतर मोठ्या मुलांना छापखाना दाखवायला न्यायचं ठरलं.

छापखान्यात यंत्रांचा असा गडगडाट होता की माणसाला स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. फोरमन कानांवर टोप्या चढवून घसा खरवडून ओरडत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. मुलं मात्र मजेत होती. या टोकाची मुलगी त्या टोकाच्या मुलाशी हातांनी गप्पा मारत होती. फोरमन थक्क झाले. "आमच्या माणसांना हे शिकवा की, बाई!" ते बाईंच्या कानाशी येऊन ओरडले.

बाईंनी मुलांना यंत्रासमोर रांगेत उभं केलं. जमिनीवर पिवळी पट्टी होती आणि तिच्यापलीकडे कागदाचा रुंद पट्टा रुळांवरून सरसर धावत होता. "पट्टीच्या आत पाय टाकायचा नाही," बाई सांगू लागल्या, "आणि कागदाला..."

तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारी गेलं. बाई काय म्हणताहेत ते त्या आवाजात ऐकू येईना, म्हणून फोरमन अगदी जवळ येऊन त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ओठांकडे. दातांकडे. बाईंचा पंजा झटकन तोंडावर गेला. उरलेलं वाक्य, "हात लावायचा नाही," त्या पंजाआडच बोलल्या, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी कागद दाखवला.

भुवईने पाहिलं ते एवढंच: बाई कागद दाखवताहेत आणि म्हणताहेत, कागदाला. कागदाला काय, ते पंजामागे राहिलं. तिने आपल्या अकलेने वाक्य पुरं केलं. पट्टी ओलांडून ती पुढे झाली आणि तिने हात पुढे केला.

बाही रुळात ओढली गेली. बाई किंचाळल्या, पण त्या गडगडाटात ती किंकाळी कुणाला ऐकू जाणार, आणि त्या मुलीला तर कधीच गेली नसती. फोरमननी लाल बटणावर मूठ मारली. यंत्र धापा टाकत थांबलं. मुलांच्या तळपायांखालची थरथर थांबली, तशी सगळ्यांनी एकदम खाली जमिनीकडे पाहिलं.

भुवईचा हात वाचला. बाही खांद्यापासून उसवली होती, मनगट खरचटलं होतं, बस. फोरमननी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. बाई तिच्यापुढे बसून मनगटावर औषध लावत होत्या. "मी सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, हात लावू..." आणि पंजा पुन्हा वर निघाला.

भुवईने तो मधेच पकडला आणि खाली ओढला. तिची भुवई वर गेली नव्हती, रडून लाल झालेल्या डोळ्यांवर ती सपाट होती. तिने आपल्या जड, घोटीव आवाजात, बाईंनीच शिकवलेलं एकेक अक्षर जुळवत म्हटलं, "बाई, तोंड द्या."

चुकीचं वाक्य दुरुस्त करणं हा बाईंचा हाडीमासी स्वभाव. 'द्या' नाही, 'दाखवा' म्हण, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच विरलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. तोंड उघडं ठेवून, सावकाश. "तुझी नाही. माझी."

भुवईने मान डोलावली. माहीत आहे, असं.

शाळेत मुलांना पोचवून बाई घरी न जाता तडक दवाखान्यात गेल्या. नंबर लावला नव्हता, ताटकळत बसावं लागलं. तीन वेळा उठून दारापर्यंत गेल्या आणि तीनही वेळा परत येऊन बसल्या.

डॉक्टर उंच होते, आणि जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांची मान कायमची पुढे आली होती. ते रागावले नाहीत, आणि बाईंना ते रागावण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी बोथट सळई हिरडीच्या कडेने हळूहळू फिरवली, फोटो काढला, तो उजेडात धरला.

"रक्त यायला लागलं म्हणून ब्रश बंद केलात?"

"हो."

"सगळे तेच करतात. मळ साचला म्हणून रक्त येतं. रक्त येतं म्हणून ब्रश थांबतो. मग मळाला रान मोकळं."

"दात काढावा लागेल?" हा प्रश्न बाई इतके दिवस बरोबर घेऊन हिंडत होत्या.

"नाही. हाड शाबूत आहे. हिरडीचं म्हणाल तर असं बघा, आपल्या खऱ्या दाताला ती टाके घातल्यासारखी घट्ट धरून असते. या दाताला ती नुसती गळपट्टीसारखी लपेटून बसते. त्यात तुमची मुळातच पातळ. सुजली आणि वर सरकली, म्हणून आतल्या धातूची सावली दिसते. आधी सूज उतरवू. मग हिरडी जाड करण्याचं बघू."

त्यांनी जागा बधिर केली, कापसाचे बोळे भरले आणि हिरडीच्या आतून साफसफाई सुरू केली. मधेच त्यांचा हात थांबला. त्यांनी चिमट्याच्या टोकावर काहीतरी धरलं. खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरट.

"बाई," डॉक्टर म्हणाले. "हे सिमेंट आहे. दात चिकटवताना हिरडीखाली राहून गेलेलं. त्याच्याभोवतीच सगळं साचत गेलं. तुम्ही वेळेवर आला असतात तर तेव्हाच सापडलं असतं, असं मी म्हणू शकतो. पण राहिलं ते माझ्याकडून."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. इतके महिने आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःला आळशी, बेफिकीर, काय काय म्हटलं होतं! त्यांना डॉक्टरांना फैलावर घ्यायचं होतं. पण ओठ बधिर, तोंडात कापूस, आणि लाळ ओढणारी नळी गुरगुरतेय. साऱ्या जगाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंना एक शब्द फुटेना. तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना करतात ती सगळ्यात वाईट खूण डॉक्टरांना करून दाखवली.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

कापूस निघाल्यावर बाई चूळ भरून म्हणाल्या, "आभार मानले."

डॉक्टरांचे कान लाल झाले होते.

सूज उतरायला काही आठवडे गेले. बाई आता ती जागा मऊ ब्रशने रोज साफ करत होत्या. आधी रक्त यायचं, मग येईनासं झालं, ते खरोखरचं. मग डॉक्टरांनी टाळूच्या आतला एक लहानसा तुकडा काढून तो दाताच्या वरच्या हिरडीत शिवला.

नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. जित्या माणसाच्या टाळूची साल काढणारा हा पहिलाच."

बाईंना हसायची मनाई होती. बोलायचीही. ओठ ताणायचा नाही, उचलायचा नाही, तिथे ब्रश लावायचा नाही, थंड आणि मऊ खायचं. घरी बसून राहायचं, आणि बसणं तर त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी कपाट लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. खिडकीचे पडदे धुतले. टाळू अशी झोंबत होती, जणू उकळता चहा सबंध घोटून प्याल्या. शेवटी नवरा कामावर गेल्यावर त्या न्हाणीघरात शिरल्या आणि ज्याची मनाई होती तेच त्यांनी केलं.

लगेच डॉक्टरांना फोन लावला. "ते पांढरं पडलंय," त्या ओठ न हलवता बोलल्या.

"ओठ उचलून बघितलात?"

"नाही."

"मग पांढरं पडलंय हे कळलं कसं?"

बाईंनी न्हाणीघरातला दिवा मालवला.

"सुरुवातीला पांढुरकं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात रक्त उतरायला वेळ लागतो. रोप लावून रोज उपटून बघितलं की मूळ धरतं का? उद्या येऊन जा, मी बघतो. तुम्ही बघू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. एक टाका सैल झाला होता, तुकडा मात्र जागचा हलला नव्हता. बाई परत आल्या तेव्हा घरातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून टेकवलेले होते. "बसचे दोन तेवढे ठेवलेत," नवरा म्हणाला. "ते लागतात."

टाके निघाल्यावर बाई शाळेत गेल्या. वरचा ओठ थोडा सुजलेला आणि वाकडा. मुलं आधी त्याकडेच बघायला लागली. बाईंच्या उजव्या हाताला तोंडाकडे धावायची अशी ओढ लागली की त्यांनी त्यात खडू धरला. फळ्यावर मोठा दात काढला, त्याच्याखाली स्क्रू, भोवती हिरडी. सरकलेली हिरडी पुसून वर काढली, टाळूतला तुकडा काढून तिथे कसा शिवला तेही दाखवलं. "म्हणून मी तोंड झाकत होते," त्या म्हणाल्या. "लाज वाटायची."

स्क्रूवर मुलं बेहद्द खूश झाली. तो फिरवला तर दात गरगर फिरतो का? लोहचुंबक लावला तर बाई चिकटतात का? भुवई पुढे आली. भुवई वर गेलेली. "टाळू," ती म्हणाली. "खोटं. दाखवा."

बाईंनी आ केला. भुवईने मोबाईलचा उजेड आत पाडला आणि टाळूवरचा तो भरत आलेला लालसर चौकोन नीट पाहून घेतला. मग मागे वळून तिने हातांनी वर्गाला सांगितलं, खरं आहे. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. रांग लागली.

हिरडी बसायला बरेच महिने लागले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सळई फिरवली, आरसा बाईंच्या हातात दिला आणि खरं ते सांगितलं. करडी छटा गेली होती. पण नवी हिरडी शेजारच्यापेक्षा थोडी फिकी होती, ठिगळ कितीही चांगलं जुळलं तरी कापड ओळखू येतं तशी. आणि दोन दातांच्या मधला हिरडीचा कोपरा पुरता भरला नव्हता, तिथे एक बारीक काळी फट राहिली होती.

"ही फट भरेल?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"आणि हिरडी पुन्हा सरकली तर?"

"सरकू शकते. म्हणून तर यायचं. सहा महिन्यांनी." मग जरा घुटमळून डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही हातांनी मला काय म्हणाला होतात?"

"पुढच्या वेळी सांगेन," बाई म्हणाल्या. "म्हणजे मला यावंच लागेल."

बाईंची चुळबूळ अगदीच थांबली असं नाही. जीभ अजून अधूनमधून तिथे जाऊन येते. न्हाणीघरातला दिवा अजून घात करतो. एखाद्या सकाळी फट मोठी वाटते, दुसऱ्या सकाळी वाटत नाही.

नव्या वर्षी शाळेत लहान मुलांची नवी तुकडी आली. त्यांत एक मुलगी होती, जेमतेम चार वर्षांची. ती कुणाच्याही चेहऱ्याकडे बघायचीच नाही, नजर कायम लोकांच्या चपलांवर. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि नुसतं 'ल, ल, ल' करत राहिल्या. मुलगी चपलांवरून गुडघ्यांवर आली, गुडघ्यांवरून हातांवर. बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं. हा आवाज नसलेला खेळ कुठून येतो ते तिला शोधायचं असावं. तिने सरळ दोन बोटं बाईंच्या तोंडात घातली, वरचा ओठ उचलला आणि दातांमागे वळवळणारी जीभ चाचपली. नख हिरडीला लागलं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. बाई हलल्या नाहीत.

मुलीने बोटं बाहेर काढली, स्वतःच्या तोंडात घातली आणि बराच वेळ जिभेची जुळवाजुळव केली. मग तिच्या तोंडून काहीतरी निघालं. 'ल' नव्हता तो. 'ळ' च्या जवळपासचं काहीतरी होतं.

"आणखी एकदा," बाई म्हणाल्या, आणि तिची बोटं पुन्हा आपल्या ओठांवर ठेवली.